दहा जण सांगतात, म्हणून खरं?

समज असा: दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली की ती खरीच, आणखी चौकशी नको.

असं वाटणं साहजिक आहे. पण आधी प्रत्येकाला विचारावं, स्वतः पाहिलं की ऐकलं? पावसाळ्यात नाशकात ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी’ असा मेसेज फिरतो; गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरून लोक पुराची पातळी ठरवतात. दहाही जणांनी तो एकाच ग्रुपवर वाचला असेल, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच; तोही बिननावाचा. गोदाघाटावर उभं राहून पाहिलेले दोघे त्याहून भरवशाचे. मात्र त्यांना वेगवेगळं विचारावं, एकत्र बसले की आठवणी नकळत जुळवल्या जातात. वेळही नेमकी विचारावी, कारण नदीवर वरच्या बाजूला असलेल्या गंगापूर धरणातून पाण्याचा विसर्ग वाढला की पातळी काही तासांत बदलते. मग त्या दिवसाचे विसर्गाचे आकडे ताडून पाहावेत. फोटो तर बऱ्याचदा जुनाच असतो! तरीही मेळ बसला नाही, तर चौकशीच्या अहवालात ‘अद्याप निश्चित नाही’ असंच लिहावं.