स्पर्धेचा फॉर्म, रेंजफाइंडर आणि स्लो प्ले: आपल्या पोरांचं नेमकं कुठे अडतं

मडगाव-काणकोण बाजूच्या बऱ्याच पोरांचे गोल्फ स्पर्धांचे फॉर्म मी भरून दिलेत, बहुतेक कॅडीचं (खेळाडूची बॅग उचलायचं) काम करणारी नाहीतर कॅडींची मुलं. बॉल मारण्यात कोणी कमी नाही. पण फॉर्म परत येतो, आणि नाही आला तर पहिल्याच दिवशी दोन स्ट्रोकची (फटक्यांची) पेनल्टी खाऊन येतात. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

नाव, पत्ता, फोटो, फी हे सगळ्यांना जमतं. अडतं ते हॅंडिकॅपवर, म्हणजे खेळाडू किती चांगला खेळतो ते सांगणाऱ्या आकड्यावर. आयोजक हॅंडिकॅप इंडेक्सचा पुरावा मागतात आणि दहा वर्षं रोज कोर्सवर असलेल्या पोराकडे तो नसतो, कारण तो क्लबचा मेंबर नाही. इंडेक्स मिळायला 54 होलचे स्कोअर लागतात, म्हणजे 18 होलच्या तीन राउंड. आपल्याकडे वार्का काय, काणकोण काय, कोर्स 9 होलचे, तर 9 च्या सहा राउंड केल्या तरी चालतात. पण एकट्याने खेळलेली राउंड धरत नाहीत, सोबत कोणीतरी पाहिजे आणि कार्डावर सही पाहिजे. आणि ज्या कोर्सवर खेळताय त्याला कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग (कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे) आहे का ते आधी विचारा, नाहीतर सहाही राउंड फुकट. हे काम फॉर्म निघाल्यावर सुरू करू नका, दोन महिने आधी करा.

ज्युनियर असेल तर जन्मदाखला. इथे आपल्या गोव्याची खास अडचण. दाखल्यावर नाईक हे आडनाव आजोबांच्या पोर्तुगीज वळणाने शेवटी क्यू-यू-ई लावून, आणि आधारवर नुसतं के. बाहेरच्या राज्यातल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. एका मुलाचा फॉर्म एवढ्यासाठी परत आला, फोन केला तर 'मॅच होत नाही' एवढंच उत्तर, पुढे काय करायचं ते सांगायची तसदी कोणी घेतली नाही, आणि त्यात आठवडा गेला. आता मी दोन्ही स्पेलिंग एकाच माणसाची असल्याचं नोटरीचं अ‍ॅफिडेविट पहिल्यापासूनच जोडतो.

फॉर्मवर स्टेटसचा रकाना असतो, अ‍ॅमॅच्युअर की प्रोफेशनल. कॅडीचे पैसे मिळतात म्हणून एकाने प्रोफेशनलवर खूण केली होती. कॅडीच्या मजुरीने कोणी प्रोफेशनल होत नाही, पण प्रोफेशनल म्हणून स्पर्धा खेळलात तर अ‍ॅमॅच्युअर स्टेटस जातं आणि परत मिळवायला वेगळा अर्ज करत बसावं लागतं. बाबांनो, ती खूण दोनदा बघा.

आता वेळ. टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) 9 म्हणजे 9 वाजून शून्य सेकंद, तेव्हा टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, खेळायला तयार उभं असायचं. 5 मिनिटांपर्यंत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन स्ट्रोक, त्याहून जास्त झाला तर बाद. '5 मिनिटं चालतात' असं समजून चहा पीत बसलेलं पोर मी बघितलंय.

मग रेंजफाइंडर, म्हणजे डोळ्याला लावून अंतर मोजायचं मशीन. 2019 पासून नियमात अंतर मोजायचं डिव्हाइस चालतं, पण आयोजक लोकल रूल (त्या स्पर्धेपुरता नियम) लावून बंदी घालू शकतात, म्हणून 'टीव्हीवर वापरत नाहीत म्हणजे बंद' किंवा 'अमक्या स्पर्धेत चाललं म्हणजे इथेही चालेल' दोन्ही चूक. 2021 ला अमेरिकेत किआवाच्या पीजीए चॅंपियनशिपमध्ये, जी फिल मिकेलसनने पन्नाशीत जिंकली, मेजरमध्ये (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांमध्ये) पहिल्यांदा परवानगी दिली, मास्टर्स या दुसऱ्या मेजरमध्ये अजून नाही. आपल्या स्पर्धेचं लोकल रूल्सचं पान वाचा, मिळालं नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

परवानगी असली तरी फक्त अंतर. उतार-चढ मोजायचा नाही, वारा मोजायचा नाही, कुठला क्लब (मारायची काठी) घ्यायचा ते अ‍ॅपला विचारायचं नाही. सेकंडहॅंड लेझर घेतलेल्या एका पोराच्या डोळ्याला लावलेलं मशीन मी मागून घेऊन बघितलं, वर 152 आणि खाली बारीक अक्षरात 146. तो खालचा आकडा म्हणजे स्लोप (उतार-चढ धरून काढलेलं अंतर) चालू आहे. पहिल्यांदा दोन स्ट्रोक, दुसऱ्यांदा बाद, आणि कॅडीने वापरलं तरी भोग तुम्हालाच. बाजूचं बटण बंद करा, वरून चिकटपट्टी लावा. (इंडेक्सवाल्या स्लोप रेटिंगचा याच्याशी काही संबंध नाही, लोक दोन्ही एकच समजतात.) यार्ड की मीटर तेही तपासा, 150 मीटर म्हणजे 164 यार्ड होतात, अख्खा एक क्लब चुकतो. आणि मशीन नाही म्हणून हिरमुसू नका, अंतर सांगणं म्हणजे सल्ला धरत नाहीत, ग्रुपमधल्या दुसऱ्याला विचारलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे की मशीन आलं म्हणजे स्लो प्लेची (हळू खेळल्याच्या पेनल्टीची) भीती गेली. नियमाची शिफारस आहे एका स्ट्रोकला 40 सेकंद. टाइमिंग लावलं (ग्रुप मागे पडला म्हणून रेफरी घड्याळ घेऊन वेळ मोजायला लागला) की तुमची पाळी आली आणि बॉलपाशी पोचायला पुरेसा वेळ मिळाला की घड्याळ सुरू होतं, आणि अंतर बघणं, क्लब निवडणं हे सगळं त्याच 40 मध्ये. पाळी आल्यावर कव्हर उघडून मशीन काढणारा तिथेच 15 सेकंद घालवतो, मग एकदा झेंडा, एकदा झाड, एकदा परत झेंडा. दुसरा मारत असताना मोजून ठेवा, चालताना हातात ठेवा. 2013 च्या मास्टर्समध्ये ग्वान तियानलांग 14 वर्षांचा होता, त्यालाही स्लो प्लेचा एक स्ट्रोक लावला, वय बघितलं नाही. एलपीजीएने (अमेरिकेतली बायकांची प्रोफेशनल टूर) तर 2025 पासून टाइमिंगमध्ये 6 ते 15 सेकंद जास्त लागले तर एक स्ट्रोक आणि 16 पासून दोन असं केलंय.

रेफरी येऊन 'तुमचा ग्रुप मागे आहे' म्हणाला तर घाबरून मान खाली घालू नका. बॉल शोधण्यात वेळ गेला असेल (त्यालाही 3 मिनिटंच असतात) किंवा रूलिंगसाठी थांबावं लागलं असेल तर तिथेच, त्याच होलवर सांगा, हिंदीत सांगा, मोडक्या इंग्रजीत सांगा. आपली पोरं गप्प राहतात आणि कार्डावर सही करून दिल्यावर बाहेर येऊन मला सांगतात, तेव्हा माझ्या हातात काहीच राहिलेलं नसतं.