होर्डिंगची परवानगी ‘आकाशचिन्ह’ विभाग का देतो?

पुणे महापालिकेत होर्डिंगची परवानगी ‘आकाशचिन्ह व परवाना विभागा’कडून घ्यावी लागते. पहिल्यांदा पाटी वाचणाऱ्याला तिथे पंचांग करत असावेत असेच वाटेल. ‘स्काय साइन’चे हे शब्दशः मराठी आहे आणि मूळ शब्द लंडनचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या छपरांवर लोखंडी चौकटी उभारून त्यांत भलीमोठी अक्षरे बसवण्याची टूम निघाली आणि १८९१ मध्ये तिच्यावर स्वतंत्र कायदा झाला. त्यातली व्याख्या मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातल्या आजच्या कलम ३२८ मध्ये जवळपास जशीच्या तशी सापडते: इमारतीवर खांब किंवा चौकटीच्या आधाराने लावलेली, रस्त्यावरून पाहिल्यास मागे आकाश दिसेल अशी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी सोडलेला फुगाही त्यात मोडतो. परवानगी एका वेळी दोन वर्षांहून अधिक मुदतीची नाही, ही अटही त्याच कलमातली.

इतर जाहिरातींसाठी कलम ३२८अ आले. त्यातल्या सवलतींमध्ये एक ओळ रेल्वेची आहे. स्टेशनच्या आत किंवा रेल्वेच्या मालमत्तेवर जाहिरात लावली तर पालिकेची परवानगी नको. मात्र त्या मालमत्तेचा जो भाग रस्त्याकडे तोंड करून आहे, त्याला ही सूट नाही. होर्डिंग रस्त्याकडेच तोंड करून उभे असते, हे सांगायला वकील लागू नये. तरीही रेल्वे आणि पालिका यांच्यात यावरून वर्षानुवर्षे कज्जे चालले.

राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमात कलम २४४ आणि २४५ आहेत. त्यांखाली आधी २००३ चे नियम होते, आता २०२२ चे आहेत. दरम्यान पैशाची बाजू बदलली. जाहिरात कराचा आधार राज्यघटनेच्या राज्यसूचीतली नोंद ५५ होती. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीने ती गाळली. पालिकांच्या हाती उरले परवाना शुल्क, आणि ते फलकाच्या क्षेत्रफळावर आकारले जाते. फलक जितका मोठा तितकी वसुली जास्त, ही गोष्ट आकार आटोक्यात ठेवायला फारशी मदत करणारी नाही.

या साऱ्या काळात कायद्याची नजर दिसण्यावरच होती. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा त्याच विचारातला. बेकायदा राजकीय फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिलेला निकालही मुख्यतः शहराच्या विद्रूपतेवर बोलतो. सांगाडा वाऱ्यात उभा राहील का, हा प्रश्न स्थैर्य प्रमाणपत्राच्या एका कागदावर सोडलेला होता.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. आकार १२० बाय १२० फूट. पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांचीच, पालिकेची नव्हतीच. लोहमार्ग पोलीस हे राज्याचे पोलीस, रेल्वे प्रशासन नव्हे. म्हणजे रेल्वेची ती जुनी सवलतसुद्धा इथे ओढूनताणूनच लावावी लागते.

आता हिशेब पाहा. बांधकामांवरचे भार ठरवणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरतात. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. इथे तो सुमारे ११८ किलो वजनाइतका भरतो. उंची आणि आकाराचे गुणक बाजूला ठेवले तरी ४० बाय ४० च्या फलकावर साडेसतरा टन आणि १२० बाय १२० वर दीडशे टनांहून जास्त रेटा येतो. रेटा नऊपट, खांबांची उंचीही त्याच प्रमाणात वाढवली, तर पायाशी उलथवणारा जोर सत्तावीसपट. पाया नऊपट केला तरी पुरत नाही, आणि इथे तर तो मुळातच उथळ होता. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीनुसार हा सांगाडा ताशी ४९ किलोमीटरचाच वारा सोसू शकत होता. त्या दिवशी वारा ८७ चा होता. मानकातला वेग ४९ च्या तिपटीहून थोडा जास्त, पण दाब दहापट, म्हणून ४९ आणि १५८ मधली दरी आकड्यांत दिसते त्याहून फार मोठी आहे.

स्थैर्य प्रमाणपत्र देणारा अभियंता रंग, वेल्डिंग, नटबोल्ट पाहू शकतो; पाया जमिनीखाली असतो. तो खणून पाहिला नाही, तर पायाची खोली नकाशावरून मान्य करावी लागते. गंजही आधी बेसप्लेटशी, म्हणजे खांबाच्या तळच्या लोखंडी पाटाशी धरतो, जिथे पावसाचे पाणी साचते आणि वरून रंग मारला की काही दिसत नाही. गच्चीवर दुखणे वेगळे: खांब स्लॅबमध्ये रोवल्यावर तिथून पाणी मुरते आणि आतली सळई फुगते.

अपघातानंतर पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेत रेल्वेला मोठे फलक उतरवायला सांगितले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या धोरणाचा मसुदा काढला.

उतरवणे हे स्वतंत्र काम आहे. आधी फ्लेक्स काढायचा, म्हणजे वारा आरपार जातो; मग पत्रे, मग वरून खाली आडव्या पट्ट्या, आणि खांब कापायचा तो क्रेनने धरून ठेवल्यावरच. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात रेल्वेच्या जागेतला सांगाडा उतरवताना कापणी खालून सुरू झाली होती. तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चौघे गेले.