रुग्णाला बिलासाठी अडकवून ठेवणे

उपचार संपले, डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हणून सांगितले, तरी बिल थकले म्हणून रुग्णाला रुग्णालयाबाहेर पडू न देणे हा कायद्याच्या भाषेत ‘गैरपरिरोध’ ठरू शकतो. भारतीय दंड संहितेत याची व्याख्या कलम ३४० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १२७ लागू आहे. शिक्षा एक वर्षापर्यंतची. अडवणूक तीन दिवस वा अधिक चालली तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस वा अधिक चालली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

प्रत्यक्षात कुलूप क्वचितच लागते. फाइल बिलिंग काउंटरवर अडते. हाताला लावलेली सलाईनची सुई ‘क्लिअरन्स आला की काढू’ म्हणत तशीच राहते. नातेवाईक उसनवारीसाठी फोन करत असतात आणि वॉचमन गेटपासशिवाय दारातून सोडत नाही. त्यात सर्वांत क्रूर भाग असा की थांबवून ठेवलेल्या दिवसांचे खाटेचे भाडेही त्याच बिलात चढते. गेटपास दाखवा एवढेच वॉचमनने म्हटले तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. बाहेर जाण्याचा मार्गच बंद केला असेल, तर होतो.

थकलेले बिल हे देणे आहे आणि त्याच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालय आहे. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७० प्रमाणे हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर मजुरी मिळेपर्यंत हिरा स्वतःजवळ ठेवू शकतो. तो हक्क वस्तूंपुरता आहे. बरे केलेल्या माणसाला तो लागू करता येत नाही. अमेरिकेतील अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्येच बिलासाठी रोखलेल्या रुग्णाच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी अडवणूक बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही डिस्चार्ज घेण्याचा आणि मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. ती बहुतेकांच्या नजरेला पडते ती मात्र वाद पेटल्यावरच.

दाद मागताना आधी पोलीस ठाणे. पोलिसांनी ‘हा तुमचा पैशाचा वाद’ म्हणून परत पाठवले, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे अडकवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिका करता येते. धर्मादाय रुग्णालय असेल तर सवलतीचा प्रश्न डिस्चार्जच्या दिवसापर्यंत ठेवू नये. तेथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचे कागद दाखल होतानाच द्यावेत.

रुग्णाला थांबवणे काही वेळा कायदेशीरही असते. साथरोगातील विलगीकरण हे त्याचे एक उदाहरण. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने घरी जायचे म्हटल्यास ठरावीक कारणांसाठी, तपासणीपुरते, जास्तीत जास्त २४ तास थांबवता येते. थकलेले बिल त्या कारणांत नाही.