वर्ण, जात, कुळ आणि निजामी दप्तर : मराठवाड्यातील हिंदू समाजरचनेची पार्श्वभूमी

२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने मराठ्यांना कुणबी दाखले देताना हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामी राज्यातल्या जुन्या सरकारी नोंदींचा, आधार घेण्याचा शासन निर्णय काढला आणि मराठवाड्यात घरोघरची जुनी कागदपत्रं माळ्यावरून खाली आली. आरक्षणाचा वाद इथे बाजूला ठेवू. त्याच्या तळाशी असलेला प्रश्न जुना आहे: इथला हिंदू माणूस स्वतःची ओळख कशावरून सांगत होता? वर्णावरून, जातीवरून, कुळावरून की वतनावरून, म्हणजे गावातल्या वंशपरंपरागत कामावरून आणि हक्कावरून? शाळेत चार वर्णांची उतरंड काढून दाखवतात आणि हीच हिंदू समाजरचना म्हणून मोकळे होतात. गंगाखेड किंवा औसा तालुक्यातल्या एखाद्या गावात उभं राहिलं, तर त्या उतरंडीने फारसं काही उलगडत नाही.

आधी श्रद्धेचा पाया बघू. कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष ही त्रयी सगळ्यांना ठाऊक असते. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ आणि ब्रह्मचर्यापासून संन्यासापर्यंतचे चार आश्रमही पाठ असतात. पण घरातला व्यवहार चालतो तो ऋणाच्या कल्पनेवर. देवऋण पूजेने फिटतं, ऋषिऋण अध्ययनाने आणि पितृऋण संतती व श्राद्धाने. श्राद्धात पिंड तीनच मांडतात, वडील, आजोबा आणि पणजोबा यांचे. त्यामागच्या तीन पिढ्यांना हाताला चिकटलेल्या भाताचा लेप मिळतो. श्राद्ध करणारा धरून झाल्या सात पिढ्या. सपिंड म्हणजे एका रक्ताचे कोण, हे या हिशेबाने ठरत असे. दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवल्यावर कावळा शिवला नाही, की मेलेल्याची काय इच्छा राहिली म्हणून नातेवाईक एकेक कबुली देऊ लागतात. तरीही नाही शिवला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. शास्त्राने अडचणीसाठी पळवाट आधीच करून ठेवलेली असते. हे एकदा लक्षात आलं की धर्मशास्त्राचं पुष्कळसं कोडं सुटतं.

हे शास्त्र लिहिणारे याच पट्ट्यातले होते. याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे लातूर-धाराशिवच्या शेजारच्या आजच्या बसवकल्याणात होता. सपिंड ठरतात ते एका शरीराच्या अंशामुळे, पिंडामुळे नव्हे, असं त्याने मांडलं आणि वडिलांकडून सात, आईकडून पाच पिढ्यांत लग्न वर्ज्य धरलं. मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित जमिनीत हक्क, हेही मिताक्षरेचंच सूत्र. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही ते बरंचसं तसंच ठेवलं, आणि मुलीला तोच जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ पासून. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला, त्यात व्रतं, दानं आणि श्राद्धं यांचा अफाट संग्रह आहे. पैठणचं भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला गेलं. त्याच घराण्यातल्या कमलाकर भट्टाचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ आजही तिथी-व्रतांच्या वादात उघडला जातो. १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले.

तो राज्याभिषेक वर्णाच्या चौकटीतली खरी गाठ दाखवतो. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात चार वर्ण आहेत, पण मध्ययुगात दक्षिणेतल्या पुष्कळ पंडितांचं मत असं, की कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, मधले दोन राहिलेच नाहीत. म्हणून क्षत्रियत्व सिद्ध करून मुंज आणि मग अभिषेक, असा क्रम घ्यावा लागला. वेरूळच्या भोसल्यांना जे सिद्ध करावं लागलं, ते गावच्या पाटलाला कधी करावं लागलं नाही, कारण गावात वर्ण विचारतच नसत. गावात विचारत ती जात आणि लग्न जमवताना कूळ.

जातीचा आधार दोन गोष्टींवर होता. रोटी कुणाकडची चालते आणि बेटी कुणाकडे दिली जाते. त्यातली रोटी सैल झाली, बेटी अजून घट्ट आहे. जातीच्या आत कुळाची विभागणी असते आणि ती ओळखायच्या खुणा तीन: आडनाव, कुलदैवत आणि देवक. ब्राह्मणांत गोत्र-प्रवर बघतात, मराठा-कुणबी आणि इतर अनेक जातींत देवक. देवक म्हणजे कुळाने पूज्य मानलेली वस्तू, बहुधा झाड: कळंब, वड, उंबर, किंवा पाच झाडांच्या डहाळ्यांचं पंचपल्लव. लग्नाआधी मारुतीच्या देवळातून वाजतगाजत देवक आणतात, मांडवाच्या मेढीला बांधतात आणि मांडव उतरेपर्यंत ते हलवत नाहीत. दोन्हीकडचं देवक एक निघालं की ते भाऊबंद ठरतात आणि सोयरीक मोडते. घोळ होतो तो इथेच. अनेक घरांना आपलं देवक आठवत नाही, मग सगळेच ‘पंचपल्लव’ सांगतात. भटजीने गोत्र विचारलं की ‘काश्यप’ सांगतात, कारण गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरावं असा प्रघात आहे. दोन्हीकडून काश्यप आलं तर सगोत्र म्हणून घाबरायचं कारण नाही. ते माहिती नसल्याचं उत्तर आहे.

मामाच्या मुलीचंही असंच. मिताक्षरेच्या मोजणीने ती सपिंड ठरते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मर्यादा पाच आणि तीन पिढ्यांवर आणली, तरी ती त्यात सापडतेच. पण रूढी असेल तर मुभा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि मराठवाड्यात कितीतरी जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानत आले. म्हणजे पोथी, कायदा आणि चाल या तिघांत शेवटी जिंकली ती चाल.

कुलदैवतांचा नकाशाही याच भूमीत आहे: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, नांदेडकडे माळेगावचा खंडोबा. चंपाषष्ठीला तळी भरतात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा ठेवून पाच जण ती तीनदा उचलतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणतात. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी भरताच्या रूपाने, बाजरीच्या रोडग्याबरोबर पानात येतं. या विधीला भटजी लागत नाही. मराठवाड्यातल्या मोठ्या वर्गाचा हिंदू धर्म हा असा कुळाचाराचा आहे.

जातींना एकमेकींशी बांधणारी चौकट बलुत्याची, म्हणजे गावाच्या कामाबद्दल धान्यात मिळणाऱ्या हक्काची होती. बारा बलुतेदारांची यादी गावागणिक थोडी बदलते, पण सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी, कोळी ही नावं बहुतेक ठिकाणी येतात आणि सोबत मुलाणी. मुलाणी मुसलमान. म्हणजे ज्याला आपण हिंदू समाजरचना म्हणतो, तिच्यात मुसलमानाचंही वतन पक्कं होतं. सुताराने वखर, तिफण, कोळपं वर्षभर दुरुस्त करायचं, चांभाराने मोट शिवायची, मांगाने दोर वळायचे, कोळ्याने पाणी भरायचं. रोख मजुरी नाही. ज्वारीची मळणी झाली, रास उपणून झाली, की धान्य घरी जाण्याआधी खळ्यावरच पायलीने माप घालायचं (चार शेरांची पायली), वर कडब्याच्या पेंढ्या. कुणाला किती, हे त्याच्या ओळीवर ठरे: थोरली, मधली, धाकटी. ज्याच्या कामावर नांगर चाले, तो थोरल्या ओळीत.

या व्यवस्थेचं गुणगान करणारे दोन गोष्टी विसरतात. बलुतेदाराला गिऱ्हाईक सोडता येत नसे आणि पीक बुडालं की त्याचं वर्षही बुडे. दुसरी अधिक गंभीर आहे. महाराच्या वाट्याला येसकर पाळी (वेशीच्या राखणीची पाळी), सांगावा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं ही चोवीस तासांची बांधिलकी होती आणि राहणं गावकुसाबाहेर. सुतार-लोहाराचं काम नडीचं म्हणून त्यांना मान होता. महाराचं काम तितकंच नडीचं असूनही विटाळाचं ठरवलेलं. श्रमाची वाटणी म्हणून हे खपवणं मला पटत नाही, कारण वाटणीत नाही म्हणण्याचा हक्क असतो.

विरोधही याच मातीतून उठला. बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कल्याणला गळ्यातलं इष्टलिंग हीच दीक्षा मानली. लातूर, नांदेड, परभणीकडचे लिंगायत आजही मृताला जाळत नाहीत, पुरतात. लिंगायत हिंदूंत मोडतात की स्वतंत्र, हा वाद त्यांच्याच घरात चालू आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी पैठणच्या विद्वानांना अंगावर घेतलं. संन्याशाची मुलं म्हणून ज्ञानेश्वर भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणलाच यावं लागलं, असं परंपरा सांगते. नरसीचे नामदेव शिंपी, तेरचे गोरोबा कुंभार, गंगाखेडच्या जनाबाई दासी. एकनाथांनी (१५३३–१५९९) श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढल्याची कथा पैठणचीच. वारकरी मार्गाने देवापुढची समानता दिली, पंढरीच्या वाळवंटात उराउरी भेटवलं, पण गावात परतल्यावर पंगत जातीचीच राहिली.

ती मोडायला बाहेरचा धक्का लागला. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगाव बौद्धांनी येसकर पाळी आणि ढोरं ओढणं सोडलं. त्याची किंमत बहिष्काराने वसूल केली गेली. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, मधली सोळा वर्षं मराठवाड्याला माहीत आहेत.

बलुतं मात्र चळवळीने जेवढं मोडलं, त्याहून जास्त विजेच्या पंपाने मोडलं. मोट गेली तसा चांभार आणि मांग यांचा हक्क गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर रोख मजुरी मिळाली. नंतर सोयाबीन आलं, ते खळ्यावरून थेट आडतीवर जातं. त्यात वाटून द्यायला ना ज्वारी, ना कडबा.

आता दप्तर. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे तलाठी नव्हता, पटवारी होता. पाटलाचे दोन प्रकार, माली (महसुलाचा) पाटील आणि पोलीस पाटील. दप्तर उर्दूत, काही मोडीत. निजामी राज्यातली पहिली शिरगणती १८८१ ची, आणि तेव्हापासून जी जात तोंडी सांगितली जाई, ती रकान्यात बसू लागली. शेती करणारा एके ठिकाणी कुणबी, दुसरीकडे मराठा लिहिला गेला. लिहिणाऱ्याला रकाना भरायचा होता, शंभर वर्षांनी त्यावर दाखले मिळतील हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरातलं देवक, सोयरिकी आणि कुलदैवत यांचा मेळ लावला तर नात्याचं चित्र जास्त स्पष्ट होतं, पण रकान्यात त्याला जागा नाही.

जुना कागद वाचताना चूक होते ती सालाची. निजामी महसुली कागदावर फसली साल असतं. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदले. त्यामुळे इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवायचे. फसली १३५५ म्हणजे ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. ते हिजरी समजून वाचलं तर १९३६ येतं आणि नोंद दहा वर्षं मागे सरकते. जातीच्या दाखल्यात असल्या चुका महागात पडतात, कारण पुराव्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

वतनांची कागदावरची अखेर १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने सुरू झाली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही संपली. देवस्थानच्या सेवेची जमीन, म्हणजे खिदमतमाश, तेवढी मागे राहिली. गुरव किंवा पुजारी ती कसतो, मालक मात्र देव, आणि परवानगीवाचून ती विकता येत नाही. तरी नुसत्या बाँडवर ती विकली जाते, घेणारा घर बांधतो आणि सातबाऱ्यावर नाव लागत नाही म्हणून तहसीलला खेटे घालतो. जमीन घेण्याआधी खासरा पत्रक आणि जुनं पहाणी पत्रक (जमिनीच्या जुन्या महसुली नोंदी) काढून इनामाचा शेरा आहे का तेवढं बघितलं, तरी हे टळतं.