वरण पातळ का होतं?

“गरिबांना काय खावं ते कळत नाही.” कोविडच्या काळात हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आणि प्रत्येक वेळी चिडलो. २०२० च्या एप्रिलमध्ये परभणीत आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानापुढे, चुन्याच्या गोलात एक बाई उभी होती. दहा रुपयांचं सुटं तेल, चहाची पुडी, पाव किलो तूरडाळ. डाळीचा भाव ऐकून ती म्हणाली, “आदपावच द्या.”

तिचं गणित अचूक होतं. कमाई जितकी कमी, तितका तिच्यातला जेवणावरचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं. आठवडी बाजार बंद, मजुरी बंद. मग काटछाट ताटातच होणार. आधी फळं-दूध जातं, मग डाळ. धान्य सगळ्यात शेवटी, कारण पोट त्यानेच भरतं. एक किलो गहू आणि एक किलो तूरडाळ, दोन्हींतून साधारण सारखेच, साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक मिळतात. पण रेशनचा गहू होता २ रुपये किलो आणि बाजारात डाळ शंभरीच्या घरात!

खरी गोम मात्र उष्मांकांत नाही, लायसिनमध्ये आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, लायसिन त्यांपैकीच. ज्वारी-गव्हात ते तोकडं, डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन हे असंच दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्य पुरवतं. एक जरी अमिनो आम्ल कमी पडलं तरी शरीरात प्रथिनांची बांधणी तेवढ्यावरच अडते आणि उरलेली अमिनो आम्लं इंधन म्हणून जळून जातात. म्हणजे वरण पातळ झालं की भाकरीतली प्रथिनंही पुरती कामी येत नाहीत. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं प्रथिनांचीच असतात, हे काढ्याचे मेसेज पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली, चिकनचे भाव कोसळले; लायसिनने भरलेलं अन्न स्वस्त झालं, तेव्हाच लोकांनी ते टाळलं.

पुढे सरकारने माणशी ५ किलो धान्य मोफत दिलं, त्याचा मोठा आधार झाला. डाळ मात्र कुटुंबामागे महिन्याला १ किलो. घरात पाच माणसं धरली तर माणशी दिवसाला ७ ग्रॅमही नाही. चमचाभर.