लांडग्याने कोणता एल्क मारला?

२०२०च्या ऑक्टोबरात डेन्व्हरहून मावसभावाचा मेसेज आला. ‘ताई, लांडगे नदी वळवतात म्हणे. खरं का? मत द्यायचंय.’ सोबत तो व्हिडिओ. तुम्हीही पाहिला असेल, आपल्याकडच्या ग्रुपांवरही अधूनमधून फिरतो.

डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत मतपत्रिका टपालाने घरी येते आणि तिच्यावर राष्ट्राध्यक्षाच्या नावांबरोबर पाच-दहा जनमताचे प्रश्नही असतात. त्या वर्षीचा ११४ क्रमांकाचा प्रश्न असा होता, की १९४०च्या दशकात राज्यातून संपवलेला लांडगा २०२३ अखेरपर्यंत पश्चिम भागात परत आणून सोडायचा का? आधीच्या एका पाहणीत ८४ टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते. प्रत्यक्ष मतमोजणीत ‘हो’ला मिळाली ५१ टक्क्यांनाही जरा कमी मतं. जवळपास ३१ लाख मतांत फरक सत्तावन्न हजारांचा.

आधी नदीचं. व्हिडिओतली गोष्ट यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची. तिथे १९२६च्या सुमारास शेवटचे लांडगे मारले गेले आणि १९९५-९६मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. मग म्हणे एल्क (आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ) घाबरून ओढ्याकाठची विलोची झुडपं खायचे थांबले, झुडपं वाढली, ओढ्यावर लाकडांचे बांध घालणारे बीव्हर आले, नदी सुधारली. ऐकायला छान. पण कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००१पासून वीस वर्षं तिथेच प्रयोग केला. काही ठिकाणी ओढ्यावर छोटे बांध घातले, काही ठिकाणी कुंपण, काही ठिकाणी दोन्ही. जिथे बांधाने पाण्याची पातळी वर आली आणि कुंपणाने एल्क बाहेर राहिले, तिथे विलो तरारून वाढला. नुसत्या लांडग्यांच्या भरवशावर सोडलेल्या जागी फार काही झालं नाही. लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत बीव्हर गेले होते, ओढे खोल खणले गेले होते आणि झुडपांच्या मुळाखालचं पाणी उतरलं होतं. ते लांडगा कसं वर आणणार? तेव्हा भावाला मी लिहिलं, ‘लांडग्याला मत द्यायचं तर दे, नदीच्या नावावर देऊ नकोस.’

त्याच्या ऑफिसात एक शिकारी आहे. दर शरद ऋतूत रजा टाकून डोंगरात जातो, एल्क मिळाला तर वर्षभराचं मांस फ्रीझरमध्ये. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाल्यामुळे शिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर चोरटा माणूस येतो. तिथे तो वन्यजीव खात्याचा गिऱ्हाईक असतो, म्हणजे परवान्याचे पैसे भरतो. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठीच जातो. या मंडळींचा शब्द आहे ‘बॅलट-बॉक्स बायोलॉजी’, मतपेटीतलं जीवशास्त्र. रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन ही त्यांची मोठी संस्था उघड विरोधात होती. डेन्व्हर-बोल्डरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ‘हो’ म्हणायचं आणि लांडगे सोडायचे डोंगरापलीकडे, हे काय? वर प्रस्तावानेच लांडग्याला शिकारीच्या यादीबाहेर ठेवलेलं. आणि २०२०च्या सुरुवातीला शेजारच्या वायोमिंग राज्याकडून सहा लांडग्यांचा कळप आपणहून राज्यात आलेला दिसला होता. येतायत त्यांना येऊ द्या, विमानं कशाला?

या तक्रारीत तथ्य आहे. पण तिच्या मुळाशी एक भीती असते, ‘लांडगे आमचे एल्क संपवतील’. तिथे मला थांबायचंय, कारण इथलं गणित मला फार आवडतं.

उत्तर यलोस्टोनच्या कळपात १९९४मध्ये सुमारे १९ हजार एल्क होते, २०१३मध्ये चार हजारांच्या आत. शिकारी हाच आकडा पुढे करतात. पण संख्येआधी विचारायचं, मेला तो कोण?

बर्फात लांडग्यांनी सोडलेल्या सांगाड्यापाशी संशोधक जातात तेव्हा दोन गोष्टी पाहतात. एक मांडीचं हाड. ते करवतून किंवा फोडून आतली मज्जा बघायची. धडधाकट जनावराची मज्जा पांढरट, मेणासारखी घट्ट असते. उपाशी जनावर आधी कातडीखालची चरबी जाळतं, मग मूत्रपिंडाभोवतीची, आणि अगदी शेवटी मज्जेतली. अशा हाडात लालसर जेलीसारखं काहीतरी लडबडत असतं. दुसरा दात. दाताच्या मुळावर दर वर्षी सिमेंटमचा एक थर चढतो, हिवाळ्यातला गडद. पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजल्या की वय कळतं, झाडाच्या वलयांसारखं. शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांचे दातही असेच मोजतात.

ते मोजून काय निघालं? यलोस्टोनच्या लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वय जवळपास १४. उद्यानाबाहेर शिकाऱ्यांनी मारलेल्या माद्यांचं साडेसहा.

आता एखाद्या धनगराला विचारा, कळपातून एक मेंढी द्यायची तर कोणती देशील? दात झिजलेली म्हातारी. नुकती विऊ लागलेली तो देणार नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३०मध्ये हेच गणितात मांडलं. त्याला म्हणतात प्रजननमूल्य. पुढच्या प्रत्येक वर्षासाठी दोन आकडे घ्यायचे, मादी तोवर जगण्याची शक्यता आणि त्या वर्षी तिला होणारी मादी पाडसं. त्यांचा गुणाकार करायचा आणि सगळ्या वर्षांची बेरीज. (संख्या वाढती-घटती असेल तर आणखी एक भागाकार लागतो, तो सोडून देऊ.) समजुतीपुरते आकडे घेते. सहा वर्षांची मादी दर वर्षी ९० टक्के शक्यतेने तगते, वर्षाला सरासरी ०.४ मादी पाडसं देते आणि अशी आठ वर्षं हाताशी आहेत, तर बेरीज येते सव्वादोनच्या आसपास. चौदा वर्षांची मादी ५० टक्के शक्यतेने तगते आणि ०.२ देते, तर बेरीज ०.४. म्हणजे कळपाच्या हिशोबात शिकाऱ्याची एक गोळी लांडग्यांच्या पाच-सहा म्हाताऱ्यांएवढी पडते. त्यातही ती म्हातारी येत्या फेब्रुवारीत उपासमारीने जाणारच होती, तर लांडग्याने मारलेली ती थंडीच्या खात्यातून वजा होते. याला म्हणतात भरपाई होणारा मृत्यू. तरणी मादी मेली तर तो मृत्यू वरचा, एरवी झाला नसता असा.

लांडग्यांच्या बाजूनेच बोलतेय असं नको वाटायला. लांडगे पाडसंही मारतात आणि वर्षानुवर्षं पाडसं तगली नाहीत की कळप म्हातारा होतो. पण तिथेही मेलेल्या पाडसांपैकी सुमारे ६० टक्के अस्वलांच्या नावावर आणि १५च्या आसपास लांडग्यांच्या, असं रेडिओ टॅग लावून केलेल्या अभ्यासात दिसलं. वर दुष्काळ, प्यूमा (तिथलं मोठं रानमांजर) आणि उद्यानाच्या सीमेवरच्या गार्डिनरजवळची हिवाळ्यातली माद्यांची शिकार. १९ हजारांचे चार हजार करायला हे सगळे हात लागले.

कोलोरॅडोत एल्क आहेत पावणेतीन लाखांच्या पुढे. शिकारी वर्षाला तीस-चाळीस हजार मारतात. यलोस्टोनच्या जुन्या हिशोबाने एक लांडगा वर्षाला साधारण २२ एल्क मारतो. तीस लांडगे धरले तर ६६०. पण हा राज्याचा हिशोब झाला. ज्या एका खोऱ्यात कळप मुक्काम ठोकतो तिथल्या माणसाला तो ऐकवू नये. तिथले एल्क उघडं माळरान सोडून दाट झाडीत शिरतात, जागा बदलतात, आणि वीस वर्षं ज्या सुळक्याखाली एल्क हमखास दिसायचा तिथे सकाळभर बसून हात हलवत परतावं लागतं. राज्यात एल्क तेवढेच असतात, त्याला दिसत नाहीत इतकंच.

हां, कॅनडाचा लांडगा ‘परकी, राक्षसी जात’ आहे ही मात्र शिकाऱ्यांच्या तंबूतली भुताची गोष्ट. एकच प्रजाती, जरा मोठा बांधा, आणि शेकडो किलोमीटर चालून जाणाऱ्या प्राण्याला सरहद्द कसली! लांडगा पवित्र आणि निसर्गाचा डॉक्टर मानणारे शहरी लोकही तितकेच भाबडे.

आणि ते आयते ‘आमचे’ एल्क? १९१०च्या आसपास कोलोरॅडोत हजारभरही उरले नव्हते. मग यलोस्टोन आणि वायोमिंगकडून रेल्वेने आणून सोडले. आजच्या कळपांत त्या पाहुण्यांचं रक्त आहे. ते नीट जपले याचं श्रेय शिकाऱ्यांच्या पैशाला आहे, हेही खरं. लांडग्यांसाठी मात्र परवान्यांच्या पैशाला हात लावायचा नाही, असं २०२१मध्ये कायद्यानेच ठरलं.

१८ डिसेंबर २०२३ला ओरेगॉनहून आणलेले पहिले पाच लांडगे ग्रँड काउंटीत पिंजऱ्यातून सुटले. २०२५च्या जानेवारीत ब्रिटिश कोलंबियातून आणखी १५ आले. मधल्या काळात फटका बसला तो शिकाऱ्यांना नाही, गुराख्यांना. गाई-मेंढ्या मेल्या, एक कळप पकडून हलवावा लागला. एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे, तरी रात्री जागायला माणूस लागतोच. हे सोलापूरच्या माळावरच्या धनगराला वेगळं सांगायला नको.

२०२४च्या नोव्हेंबरात मतपत्रिकेवर पुन्हा जनावर आलं. प्यूमा आणि बॉबकॅट (त्याहून लहान रानमांजर) यांची शिकार बंद करायची का, हा १२७ क्रमांकाचा प्रश्न. सुमारे ५५ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. ऑफिसातला शिकारी त्या आठवड्यात खुशीत होता. ‘बॅलट-बॉक्स बायोलॉजी’ हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही, असं भाऊ सांगतो.