कुंडीत आपोआप आलेलं रोप कसलं? पानाआधी माती बघा

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांमधे हा प्रश्न हमखास येतो. गच्चीवरच्या कुंडीत काहीतरी आपोआप उगवलंय, पानं तुकतुकीत आहेत, फळझाडच असणार, पण कसलं? ओला कचरा घरीच जिरवायची सवय आता बऱ्याच जणांना लागलीय, त्यामुळे कंपोस्टमधून आंबा, चिकू, सीताफळ, लिंबू, फणस काहीही वर येतं आणि मग लगेच मोबाईल काढून फोटो मारायचा आणि ॲप जे नाव सांगेल ते खरं मानायचं.

ॲप वाईट नाहीत, मी स्वतः वापरतो. पण ॲप तुमचा फोटो त्याच्याकडच्या फोटोंशी ताडून बघतं आणि लोक फोटो काढतात ते फुलांचे, फळांचे, मोठ्या झाडाच्या पानांचे. चार पानांच्या रोपाचे फोटो कोण काढून ठेवतो? आणि खरी अडचण त्याच्याही पुढची आहे, कित्येक झाडांचं लहानपणीचं पान मोठेपणीच्या पानासारखं दिसतच नाही. म्हणून पानाचा आकार सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी माती बघायची. एक टूथपिक घ्या आणि रोपाच्या बुंध्याशी माती अगदी हलक्या हाताने उकरा, मूळ दुखवू नका. शाळेत बीजपत्रं, म्हणजे बियातच असलेली पहिली पानं, शिकलोय आपण, तीच इथे कामाला येतात. चिकू, पेरू, पपई, सीताफळ, चिंच यांची बीजपत्रं खोडाबरोबर मातीच्या वर येतात, आणि आंबा, फणस, जांभूळ, लिची, ॲव्होकॅडो यांची खालीच राहतात, म्हणजे बीही तिथेच सापडतं. कोय सापडली की विषय संपला. जांभळाची बी, फणसाची आठळी महिना दोन महिने तरी ओळखू येते.

बी कुजून गेलं असेल तर मग ज्या खुणा वयाप्रमाणे फारशा बदलत नाहीत त्या शोधायच्या. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पेरू आणि जांभूळ दोघांची समोरासमोर, पण पेरूची कोवळी फांदी बोटात फिरवली तर चौकोनी लागते आणि जांभळाच्या पानाच्या कडेला लागून आतून एक बारीक शीर पूर्ण फिरलेली असते. पान उजेडाकडे धरा, सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसले तर त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, पेरू-जांभूळ कुळात त्या असतात आणि लिंबू-संत्र्याच्या कुळातही असतात, पण लिंबाचं पान चुरगळलं की वास लपत नाही आणि शिवाय देठ आणि पान यांच्यामधे एक स्पष्ट सांधा दिसतो. आंब्याचं कोवळं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो.

पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर चिकू, फणस, पपई, वड-उंबर हे सगळे रांगेत येतात. इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. चिकाची झाडं घराजवळ अशुभ असं वास्तुवाले सांगतात आणि लोक खरंच चांगली वाढलेली फणसाची, चिकूची रोपं उपटून टाकतात, मला याचा मनापासून राग येतो. चीक ही झाडाची संरक्षणाची सोय आहे, पान कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडाला तो चिकटतो आणि घट्ट होतो, त्यात शुभ-अशुभ काही नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या कारणाने, बिट्टीलाही पांढरा चीक असतो, ती पुण्यात कुंपणाकुंपणाला लावलेली आहे, तिच्या बिया रुजतातही आणि ते झाड जबरदस्त विषारी आहे. म्हणून अनोळखी रोपाची चव घेऊन बघायची नाही आणि चिकाचा हात डोळ्याला लावायचा नाही.

आता फणस, कारण माझ्या आवडीचा मुद्दा फणसातच आहे. मोठ्या फणसाचं पान साधं, अखंड, लंबगोल असतं. पण रोपाची पानं बऱ्याचदा खाचा पडलेली, तीन-तीन भागांची असतात, आणि मग लोक म्हणतात हा नीरफणस, म्हणजे ब्रेडफ्रूट. आपल्याकडचा कोकणातला नीरफणस बिनबियांचा, तो मुळावरच्या फुटव्यांपासून वाढवतात, त्यामुळे मातीत आठळी निघाली तर तो साधा फणसच. शेंड्याकडे नीट बघा, कोवळ्या कळीवर एक टोपी असते, ती गळली की खोडाभोवती पूर्ण गोल वळ राहतो. प्रत्येक पेरावर असा वळ आणि वर चीक म्हणजे वड-फणसाचं कुळ, पानाला खाचा असोत नसोत.

मग पान का बदलतं? तर झाडालाही बालपण असतं आणि ते बालपण टिकवून ठेवणारा एक रेणू सापडलेला आहे, त्याचं नाव मायक्रोआरएनए १५६. पेशीत जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं एवढं आपल्याला माहीत आहे. हा मायक्रोआरएनए जेमतेम वीसेक अक्षरांचा तुकडा, स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाही, तो काही ठराविक संदेश शोधतो, त्यांच्यावर अक्षराला अक्षर जुळवून बसतो आणि आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या मदतीने ते संदेश कापून टाकतो किंवा वाचूच देत नाही. हे संदेश असतात एसपीएल गटाच्या प्रथिनांचे, आणि ही प्रथिनं काय करतात तर प्रौढ पानाचे जनुक चालू करतात आणि पुढे फुलोऱ्याचेही. म्हणजे १५६ भरपूर असेल तोवर एसपीएल दबलेलं आणि झाड बाळ, १५६ ओसरत गेलं की एसपीएल वर येतं आणि पान बदलतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत १५६ मुद्दाम जास्त बनवलं तेव्हा तिचं बालपण लांबलं. निलगिरी, ओक, पॉप्लर आणि अकेशियाच्या, म्हणजे बाभूळवर्गातल्या, काही जाती अशा झाडांमधे २०११ साली मोजमाप झालं तेव्हा तिथेही रोपात १५६ जास्त आणि मोठ्या फांदीत कमी असंच निघालं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप कुठे दिसलं तर बघा, पहिली पानं आपल्या बाभळीसारखी बारीक पिसांची आणि नंतर विळ्यासारखी चपटी, मधल्या टप्प्यात तर एकाच देठावर दोन्ही.

आणि १५६ ओसरतं कशाने? २०१३ मधे अरॅबिडॉप्सिसवर दाखवलं गेलं की पानांनी बनवलेली साखर त्याला खाली ढकलते. रोपाची पानं सतत खुडली तर साखर कमी, १५६ चढं, बालपण लांब. किती साधं आणि किती सुंदर आहे हे, झाड वर्षं मोजत नाही, आपली कमाई मोजतं.

कलमाला लवकर फळ का येतं तेही यातून समजतं. कलमकाडी मोठ्या झाडाची, म्हणजे आधीच प्रौढ, म्हणून कलमाला दोन-तीन वर्षांत मोहोर दिसतो आणि कोयीचं झाड ६-७ वर्षं नुसतं वाढत राहतं. झाडाचा बुंधा मात्र वयाने तरुणच राहतो, तिथून येणारे फुटवे पुन्हा बाळपणीची पानं दाखवतात. बियांपासून आलेल्या लिंबू-संत्र्याला काटे जास्त असतात ते याच बाळपणाचं लक्षण.

एवढं करून जात कळते, वाण कळत नाही. डीएनए बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्यांवरून वनस्पती ओळखण्यासाठी, २००९ मधे आरबीसीएल आणि मॅटके हे दोन जनुक ठरवले गेले, त्यांनी बऱ्याचदा जातीपर्यंत पोचता येतं, पण हापूस की पायरी हे ते सांगत नाहीत. शिवाय बियांचं रोप आईसारखं असेलच असं नाही. आपला सरदार पेरू म्हणजे लखनौ-४९ हा अलाहाबाद सफेदाच्या बियांच्या रोपांतून पुण्यातल्या गणेशखिंडीला १९२७ साली फळझाडांचे शास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी निवडलेला, रोपं एकसारखी निघाली असती तर निवडायला काय होतं? त्यामुळे कोणी नुसती पानं दाखवून मियाझाकी आंब्याचं रोप म्हणून हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका, मियाझाकी म्हणजे जपानच्या मियाझाकी भागात पिकवलेला आयर्विन हा फ्लोरिडाचा वाण, त्याची किंमत एकेक फळ जपून पिकवण्यात आहे आणि ती पानावर दिसत नाही.

चिकूचं विशेष सांगतो कारण हे फार घरांत होतं. नर्सरीतला चिकू बहुतेक वेळा रायणीच्या (खिरणीच्या) खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर, भेट कलम केलेला असतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडून वरची चिकूची काडी मरते, खालून हिरवा फुटवा येतो आणि घरचे म्हणतात चिकू वाचला. चीक दोघांनाही असतो म्हणून चिकावर जाऊ नका, पानाचं टोक बघा, चिकूचं निमुळतं आणि रायणीचं गोलसर, मधे खाच असलेलं. कलमाची गाठ शोधा, फुटवा गाठीच्या खालून असेल तर ती रायण. रायण सावकाश वाढते पण चिवट असते, फळंही गोड लागतात, जमिनीत जागा असेल तर लावा, आणि चिकूच हवा असेल तर फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर ओळखीच्या माळ्याकडून त्याच्यावरच नवं कलम करून घेता येतं.